गिझरखाली पाणी ठिबकतंय? टाकी गेली म्हणण्याआधी या क्रमाने तपासा

आधी तुमच्या बाथरूममध्ये यातलं काय काय दिसतंय ते बघून घ्या.

सकाळी गिझरखालची फरशी ओली असते आणि दुपारपर्यंत वाळते. पाइप गिझरमध्ये जातात तिथे पांढरी किंवा हिरवट खपली धरली आहे. गरम नळाचं पहिलं तांब्याभर पाणी कोऱ्या चहासारखं येतं आणि मग निवळतं. गिझरच्या मागून भिंतीवर तांबूस ओघळ उतरला आहे. गिझर चालू केला की आतून चुरचुर, खदखद असा आवाज येतो. पाणी पूर्वीसारखं कडक तापत नाही, दिवा मात्र लवकर विझतो. ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारी कळ) पडतो, किंवा ओल्या हाताने नळ धरला की मुंग्या येतात.

शेवटचं लक्षण असेल तर पुढे वाचत बसू नका. मेन बोर्डावरचा गिझरचा एमसीबी (वीज तोडणारी छोटी कळ) पाडा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. तोवर त्या बाथरूममध्ये कुणालाही अंघोळीला जाऊ देऊ नका. बाकी सगळी लक्षणं दोन-चार दिवस सबुरीने तपासता येतात.

मी पुण्याच्या कडेच्या भागात, म्हणजे वाघोली, धायरी, वाकड या बाजूला, अठरा वर्षं गिझर दुरुस्त करतोय. दिवाळीनंतर थंडी पडली की फोनवर ठरलेलं वाक्य येतं, "दादा, टाकी फुटली वाटतं, नवीनच घ्यावा लागेल ना?" बहुतेक वेळा टाकी शाबूत असते. पाणी गळतं एकीकडून आणि दिसतं दुसरीकडे, त्यामुळे लोक चुकीची वस्तू बदलतात. ज्यांची टाकी खरोखर गेलेली असते, त्यांच्याकडे ती दोन-तीन वर्षं आधीपासून खुणा देत असते.

हे सगळं विजेवर चालणाऱ्या साठवणीच्या गिझरबद्दल आहे, म्हणजे १५ किंवा २५ लिटरच्या टाकीचे. गॅस गिझरला यातलं काहीही लावू नका. तिथे कार्बन मोनॉक्साइडचा जिवाला धोका असतो आणि तो घरी उघडून बघायचा विषय नाही.

पैसा न लागणारी तपासणी: नेमकं केव्हा गळतं

मी कुणाच्याही घरी गेलो की पाना काढण्याआधी हाच प्रश्न विचारतो. घरच्यांना उत्तर माहीत नसेल तर एक रात्र थांबायला सांगतो.

रात्री एमसीबी पाडा. गिझरखालची फरशी फडक्याने कोरडी करा आणि वर्तमानपत्राची दोन पानं अंथरा. पाण्याचा कॉक चालूच राहू द्या. सकाळी गिझर चालू करण्याआधी कागद पाहा. मग त्यावर नवा कागद टाका, गिझर चालू करा आणि पाणी तापल्यावर पुन्हा पाहा. कागदावरचा डाग कुठे पडलाय त्यावर पेनने खूण करा आणि सरळ वर नजर न्या.

रात्रभर कागद कोरडा आणि पाणी तापताना ओला, असं असेल तर संशय जास्तीचा दाब सोडणाऱ्या सेफ्टी वॉल्व्हवर किंवा बुडाच्या रबरी वॉशरवर. चोवीस तास सारखंच पाझरत असेल तर पाइपांचे जोड, नाहीतर टाकी. फक्त शॉवर चालू असताना ओलं होत असेल तर गिझरचा विषय सोडून द्या, ती मिक्सरच्या, म्हणजे गरम-गार पाणी मिसळणाऱ्या नळाच्या, पुढची बाजू आहे. गिझरपासून मिक्सरपर्यंतच्या पाइपात नळ बंद असतानाही दाब असतोच. तिथला जोड गळत असता तर तो दिवसभर गळला असता. आणि गिझरचा कॉक दिवसभर बंद ठेवूनही वरून पाणी उतरत असेल, तर ते वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचं आहे. स्लॅबमधून येणारं पाणी वायर धरून गिझरवर उतरतं आणि गिझर उगाच बदनाम होतो.

थंडीत किंवा भर पावसाळ्यात गार पाण्याच्या पाइपावर बारीक थेंब जमतात, तोही गळका पाइप समजला जातो. अंघोळीची वाफ गार पाइपावर बसते, एवढंच. कोरड्या कापडाने पाइप पुसा आणि बाथरूमचं दार उघडं ठेवा. अर्ध्या तासात पुन्हा ओला झाला नाही तर विषय संपला.

पांढरी बादली

दुसऱ्या तपासणीला एक पांढरी बादली पुरते. रात्रभर न वापरलेल्या गरम नळाचं पहिलं पाणी तिच्यात घ्या. दुसऱ्या भांड्यात त्याच मिक्सरचं गार पाणी घ्या आणि उजेडात शेजारी ठेवा.

दोन्ही तांबूस असतील तर गंज इमारतीच्या जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपात किंवा इमारतीच्या पाण्याच्या टाकीत आहे. फक्त गरम पाणी तांबूस असेल तर गिझरकडे बघायचं. पहिलं लिटरभर तांबूस आणि मग स्वच्छ, याचा अर्थ बहुधा गिझरच्या तोंडाशी असलेला लोखंडी निप्पल (पाइप जोडायचा आखूड तुकडा) गंजलाय. हा निप्पल स्वस्तात बदलतो. चार-पाच बादल्या काढल्या तरी रंग जात नसेल तर टाकीच्या आतल्या पत्र्याला गंज पोचलेला आहे. असं पाणी दिसल्यावर मी ग्राहकाला खोटी आशा दाखवत नाही.

बादलीच्या तळाशी पांढरी रवाळ भुकटी बसली तर ते क्षार आहेत. सडक्या अंड्यासारखा वास फक्त गरम पाण्याला येत असेल, तर टाकीत जिवाणू वाढलेत. टाकीला गंजापासून वाचवणाऱ्या मॅग्नेशियमच्या कांडीबरोबर, म्हणजे ॲनोड रॉडबरोबर, त्यांची क्रिया होऊन तो वायू तयार होतो. टँकर आणि बोअरच्या पाण्यावरच्या सोसायट्यांत, घर महिनाभर बंद असेल तर, हा वास हमखास येतो.

सेफ्टी वॉल्व्ह: सगळ्यात जास्त चुकलेलं निदान

धायरीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी दोन महिने गिझरखाली स्टीलचं पातेलं ठेवलं होतं. रोज सकाळी त्यात दोन-तीन कप पाणी साठायचं. शेवटी कुणीतरी सांगितलं की टाकी गेली. त्यांनी जुना गिझर भंगारात दिला आणि नवा बसवला. दुसऱ्या दिवशी पातेल्यात पुन्हा तेवढंच पाणी. मला बोलावलं तेव्हा काका इतके वैतागले होते की नवा गिझरही परत करायला निघाले होते. मी गिझर चालू केला आणि आम्ही दोघं स्टुलावर बसून पाहत राहिलो. दहाव्या मिनिटाला गार पाण्याच्या पाइपावरच्या पितळी वॉल्व्हच्या बारीक तोंडातून पहिला थेंब पडला. मग दुसरा. दिवा विझला तसं ठिबकणं थांबलं.

पाणी तापलं की फुगतं. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ७० अंशांवर नेलं की ते जवळजवळ अर्धा लिटर वाढतं. टाकी पोलादी आणि बंद, मग हे अर्धा लिटर जाणार कुठे? वाटेत नॉन रिटर्न वॉल्व्ह नसेल तर ते गुपचूप गार पाण्याच्या पाइपात मागे सरकतं. असेल तर मागे जायची वाट बंद होते, दाब वाढतो आणि सेफ्टी वॉल्व्ह थोडं पाणी बाहेर सोडतो. त्याला लावलंय त्याच कामासाठी. काकांची जुनी टाकी पूर्णपणे चांगली होती.

म्हणून फक्त तापताना ठिबकत असेल आणि एकूण पाणी कप-दोन कप असेल, तर त्या तोंडाला एक नळी लावून ती मोरीत सोडा. काम झालं. नळीचं टोक मात्र कायम उघडं आणि उताराला हवं.

सारखं ठिबकत असेल तर दोन कारणं. वॉल्व्हच्या सीटवर, म्हणजे आतली झडप टेकते तिथे, क्षाराचा कण अडकलाय, किंवा पाण्याचा दाबच जास्त आहे. पाणी गार असताना वॉल्व्हची छोटी दांडी दोन-तीनदा उचलून सोडा. बरेचदा कण वाहून जातो. तरीही थांबलं नाही तर वॉल्व्ह बदला, आणि बदलताना त्यावर कोरलेला दाबाचा आकडा बघून तेवढ्याचाच आणा. दाबाचा ढोबळ हिशोब सोपा आहे: गच्चीवरची टाकी दहा मीटर उंच असेल तर साधारण एक बार. बहुतेक घरगुती गिझर आठ बारला तयार केलेले असतात, त्यामुळे नुसत्या गच्चीवरच्या टाकीने पाच-सहा मजल्यांच्या इमारतीत अडचण येत नाही. प्रेशर पंप बसवलेल्या घरात आणि उंच टॉवरच्या खालच्या मजल्यांवर मात्र दाब मोजूनच घ्यावा.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. हे तोंड कधीही बंद करू नका. एम-सील भरलेले, स्क्रू पिळलेले, डमी ठोकलेले वॉल्व्ह मी डोळ्यांनी पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी माझ्या पोटात गोळा आलाय. थर्मोस्टॅट (पाणी तापलं की वीज तोडणारा भाग) चिकटला तर कॉइल पाणी तापवतच राहते. दाबाखालचं पाणी १०० अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. टाकी फाटली की त्यातलं बरंच पाणी एका क्षणात वाफ होतं आणि भिंतीही पडू शकतात.

जोड, पाइप आणि टाल्कम पावडर

एमसीबी पाडूनच. दोन्ही पाइपांचे जोड कोरडे पुसा आणि मऊ ब्रशने त्यावर टाल्कम पावडर भुरभुरा. तासाभराने पाहा. पाणी जिथून निघतं तिथे पावडरीत गडद रेघ उमटते, आणि रेघेचं वरचं टोक म्हणजे गळतीची जागा. डोळ्यांना न दिसणारा पाझर यात पकडता येतो.

जाळीच्या आवरणाचे लवचीक कनेक्शन पाइप दिसायला चकचकीत असतात, पण आतली रबरी नळी गरम पाण्याने कडक होते. आवरणाच्या तारा कुठे तुटलेल्या, तांबूस किंवा फुगलेल्या दिसल्या की दुरुस्ती नाही, पाइपच नवा. हा पाइप फुटला तर घरात तळं होतं. जोड नुसता पाझरत असेल तर कॉक बंद करून खोला, वॉशर बदला आणि टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळा. जोर लावून आवळत सुटू नका. टाकीच्या तोंडाचा वेल्ड त्या पिळाने तडकतो आणि वीस रुपयांच्या वॉशरसाठी टाकी जाते.

खपलीचा रंग इथे उपयोगी पडतो. पांढरी म्हणजे नुसते क्षार, जुना बारीक पाझर. हिरवट-निळसर म्हणजे पितळ किंवा तांबं झिजतंय. तांबूस म्हणजे लोखंड. लोखंडी निप्पलला थेट पितळी फिटिंग जोडलं असेल तर लोखंड आधी खाल्लं जातं, दोन वेगळ्या धातूंच्या जोडात असंच होतं.

खालचं झाकण

इथून पुढे विजेच्या भागाला हात लागतो. एमसीबी खाली, प्लग असेल तर तोही काढलेला, आणि टेस्टरने खात्री केलेली, या तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर उचलू नका. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून तो खरोखर पेटतो ना, तेही पाहा.

झाकण काढून फक्त बघा. मधल्या गोल फ्लॅंजभोवती (कॉइल बसवलेली चकती) ओल किंवा खपली असेल तर रबरी वॉशर कडक झालाय. तो बदलता येतो. कॉइलच्या टोकांपाशी हिरवट बुरशीसारखं काही किंवा वायरचं जळकं आवरण दिसलं, तर झाकण तसंच लावा आणि माणूस बोलवा. फ्लॅंज आणि पाइप कोरडे असून पाणी झाकणात किंवा वायरच्या भोकातून येत असेल, तर ते टाकीभोवतीच्या फोममधून झिरपतंय. फोम स्पंजासारखं पाणी पितो आणि भोकापासून हातभर लांब सोडतो. ही खूण लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे यायचंच आहे.

ॲनोड रॉड

पोलादी टाकीला आतून काचेसारखा मुलामा असतो. त्यात कुठेतरी सुईच्या टोकाएवढ्या फटी राहतातच. तिथे गंज लागू नये म्हणून फ्लॅंजवर मॅग्नेशियमची एक कांडी बसवलेली असते. मॅग्नेशियम पोलादाच्या आधी झिजतं आणि ते शिल्लक असेपर्यंत पोलाद वाचतं. कांडी संपली की गंज टाकीकडे वळतो. किंमत काही शे रुपये. तरी गिझर घेताना दुकानात हिच्याबद्दल बहुतेक वेळा कुणी चकार शब्द बोलत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

वाघोलीत तीन वर्षांचा एक गिझर उघडला होता. घर टँकरवर. फ्लॅंजचे बोल्ट काढले तरी फ्लॅंज खाली येईना. हलवून ओढल्यावर आधी खळखळ आवाज आला आणि मग बादलीत पांढरे-करडे पापुद्रे कोसळले, फुटक्या कवड्यांसारखे. दोन ओंजळी भरून. कॉइल मुळात करंगळीएवढी, तिच्यावर अंगठ्याहून जाड थर. आणि अंगठ्याएवढी जाड कांडी असायला हवी तिथे वाकडी तार, तिला चिकटलेले दोन भुसभुशीत तुकडे. मी ती तार त्या घरच्या ताईंच्या हातात दिली. त्या म्हणाल्या, "हे एवढंच असतं का?" शेजारी नवी कांडी धरून दाखवली तेव्हा त्या गप्पच झाल्या. त्यांची टाकी वाचली. आणखी एखादं वर्ष गेलं असतं तर वाचली नसती.

महाराष्ट्राच्या मोठ्या भागात जमिनीखाली काळा बेसॉल्ट आहे. त्याच्या भेगांतून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. पाणी तापलं की ते दगड होऊन कॉइलवर बसतं, आणि ६० अंशांच्या पुढे वेग वाढतो. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात कठीणपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. सोसायटीचा पाण्याचा रिपोर्ट मागून हा आकडा बघा. २०० च्या आत असेल तर दोन वर्षांनी फ्लॅंज उघडला तरी चालेल. ४००-५०० असेल तर दरवर्षी उघडा, दसऱ्याच्या आसपास, थंडीआधी. सोसायटीत सॉफ्टनर (पाण्याचा कठीणपणा घालवणारं यंत्र) असला तरी ॲनोड पाहावाच लागतो. सॉफ्टनरने क्षाराचे थर थांबतात, पण पाण्यातलं मीठ कमी होत नाही, त्यामुळे कांडी तशीच झिजते.

कांडी निम्म्याहून बारीक झाली किंवा मधली तार दिसू लागली की बदला. फ्लॅंज काढला की वॉशर नवाच घाला, जुना पुन्हा कधीच नीट बसत नाही. कॉइल बाहेर काढून सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवा. टाकीच्या आत बाथरूम धुण्याचं ॲसिड ओतू नका आणि स्क्रू ड्रायव्हरने थर खरवडू नका. मुलामा उडाला की त्याच जागी भोक पडतं. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत न्या. पूर्ण पाणी भरून गरम नळातून हवा न अडकता धार येईपर्यंत एमसीबी वर करू नका. कोरडी कॉइल काही क्षणांत जळते.

हे काम आधी कधी केलं नसेल तर पहिल्या वेळी जाणकाराकडून करून घ्या आणि शेजारी उभं राहून बघा. काढलेली कांडी हातात मागून घ्या.

इथे थांबायचं

जोड कोरडे, वॉल्व्ह ठीक, वॉशर नवा, आणि तरी फोममधून पाणी येतंय किंवा बादलीतला तांबूस रंग जात नाही, तर टाकीला भोक पडलंय. मुलाम्याची टाकी वेल्ड होत नाही, उष्णतेने आतला मुलामा उडतो. बाहेरून लावलेलं इपॉक्सी दाबापुढे काही दिवसही टिकत नाही. स्टेनलेस स्टीलच्या टाकीलाही क्लोराइड जास्त असलेल्या पाण्यात वेल्डच्या कडेने टाचणीएवढी भोकं पडतात. इथे दुरुस्तीवर पैसे घालू नका. वॉरंटी कार्ड मात्र आधी काढून बघा, टाकीवरची मुदत बाकीच्या भागांपेक्षा बरेचदा लांब असते.

याशिवाय पुढच्या गोष्टी दिसल्या तर कुठल्याही पायरीवर हात काढून घ्या: नळातून वाफ येते, दिवा विझतच नाही, ईएलसीबी पुन्हा पुन्हा पडतो, सेफ्टी वॉल्व्हमधून उकळतं पाणी जोराने येतं, किंवा गिझरचं अंग कुठे फुगलंय. एमसीबी पाडा, गरम नळ उघडू नका, पाणी गार होऊ द्या आणि माणूस बोलवा. ईएलसीबी सारखा पडतो म्हणून तो काढून टाकायला सांगणारा इलेक्ट्रिशियन असेल तर दुसरा शोधा.

गिझर उतरवाल तेव्हा भिंतीतले हुक आणि पट्टी नीट पाहा. २५ लिटरचा भरलेला गिझर पस्तीस किलोच्या आसपास जातो, आणि मागून महिनोन्महिने पाझरलेल्या पाण्याने ते बोल्ट कुजलेले असतात. रत्नागिरी, मालवण, गोवा या किनाऱ्याच्या बाजूला तर खाऱ्या हवेनेच ते पोखरले जातात. जुन्या भोकांत नवे बोल्ट ठोकू नका, थोडं बाजूला नवं भोक पाडायला सांगा. नवा गिझर बसला की त्याच्या अंगावर मार्करने तारीख लिहा, आणि त्याखाली ॲनोड पुढच्या वर्षी कुठल्या महिन्यात बघायचा तेही.